‘वैयक्तिक कारण’ या रकान्याबद्दल

प्रति,
विश्वस्त मंडळ आणि अध्यक्ष,
आमचं काउंटी कॉलेज, न्यू जर्सी

विषय : रेडिओग्राफीची संध्याकाळची तुकडी बंद करण्याचा निर्णय

सन्माननीय विश्वस्तहो,

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये केक आला होता. ८ नोव्हेंबर १८९५ ला राँटगेनला क्ष-किरण सापडले, म्हणून दरवर्षी त्या आठवड्यात एक्स-रेवाल्यांचं कौतुक करायची इथे पद्धत आहे. केकवर निळ्या आयसिंगने हाताची हाडं काढली होती आणि एका बोटात अंगठी. राँटगेनने बायकोच्या हाताचा फोटो काढला होता, तोच हात. कुणीतरी मनापासून मेहनत घेतली होती. हात-मनगटाची सत्तावीस हाडं भरतात का, ते आम्ही आधी मोजलं आणि मगच सुरी लावली. सवयच लागली आहे. मनगटात दोन कमी होती.

दोन दिवसांनी तुमचा मेल आला. रेडिओग्राफीच्या, म्हणजे एक्स-रे काढायला शिकवणाऱ्या, दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीची संध्याकाळची तुकडी पुढच्या सप्टेंबरपासून बंद. आम्ही दुसऱ्या वर्षाला आहोत, त्यांना जानेवारीपासून दिवसाच्या तुकडीत ‘सामावून घेतलं जाईल’. कारण एका वाक्यात दिलं होतं : संध्याकाळच्या तुकडीतून मध्येच सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे आणि त्यांची कारणं बहुतांशी वैयक्तिक आहेत.

मी त्या तुकडीत आहे. वय त्रेचाळीस, माहेर कऱ्हाड, शिवाजी विद्यापीठाची बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि सोळा वर्षं या राज्यात. सोडून गेलेल्यांना मी ओळखते. म्हणून हे पत्र.

इंग्रजी प्रत मंडळाच्या सचिवांकडे दिलेली आहे, पोच घेतली आहे. ही मराठी प्रत तुमच्यासाठी आहेच, पण तुमच्या पाठीमागे बसलेल्या लोकांसाठी जास्त आहे. तुमच्यापैकी बहुतेकांची नेमणूक काउंटीचे कमिशनर करतात आणि कमिशनर निवडून येतात ते आमच्या मतांवर. (२०२० पर्यंत त्यांना ‘फ्रीहोल्डर’ म्हणायचे. आमच्याकडच्या निम्म्या लोकांना ते घरांच्या दलालांचं काही मंडळ असावं असं वाटायचं.) आपल्या मराठी मंडळींना शाळांचं रेटिंग गावनिहाय तोंडपाठ असतं. पण ज्या कॉलेजचा खर्च आपल्या घरपट्टीतून जातो, त्याच्या विश्वस्तांचं एक नाव विचारा, कुणाला सांगता येणार नाही. काउंटी कॉलेज म्हणजे ज्यांचं रटगर्स विद्यापीठात जमलं नाही त्यांची सोय, अशी आपली समजूत. मीही त्यातलीच होते.

माझं या विषयातलं घोडं इतक्या वर्षांत कुठे कुठे अडलं ते थोडक्यात सांगते, कारण पुढच्या एका मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. २००९ ला एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो त्यावर, आले. तेव्हा त्या व्हिसावर शिकता यायचं, कमावता यायचं नाही. २०१४ मध्ये मुलगी पोटात असताना तुमच्याच कॉलेजात अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग केले, दोन्हींत ए. पुढे २०१५ च्या नियमाने आमच्यासारख्या काही बायकांना कामाची परवानगी मिळाली, आणि घरात पैसा लागत होता, म्हणून कामाला लागले. २०२२ मध्ये ग्रीन कार्ड आलं. त्याच आठवड्यात रेडिओग्राफीचा फॉर्म भरला. उत्तर आलं, तुमची अ‍ॅनाटॉमी मुदतबाह्य झाली आहे. पाच वर्षांपेक्षा जुने सायन्सचे क्रेडिट चालत नाहीत.

दूध नासतं, यीस्ट मरतं, हे कळतं. पण त्या आठ वर्षांत माणसाच्या अंगात दोनशे सातवं हाड उगवल्याचं माझ्या तरी कानावर नाही. मी पुन्हा पैसे भरले, तीच पुस्तकं पुन्हा वाचली, पुन्हा ए मिळवला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात या तुकडीत बसले. भारतातले नातेवाईक विचारतात, ‘म्हणजे नर्स का?’ नाही. नर्स नाही, डॉक्टर नाही; त्या दोघांना माणसाच्या आतलं दाखवणारी. एक्स-रे, श्वसनोपचार, दातांची स्वच्छता, रक्त-लघवी तपासणारी लॅब, फिजिओथेरपिस्टचे सहायक, या सगळ्यांना इथे ‘अलाइड हेल्थ’ म्हणतात. हॉस्पिटल चालतं ते या लोकांच्या हातांवर, आणि हे हात तयार होतात ते मुख्यतः तुमच्यासारख्या दोन वर्षांच्या कॉलेजांत. एआरआरटी ही आमची प्रमाणपत्र देणारी संस्था. २०१५ च्या १ जानेवारीपासून तिने निदान असोसिएट डिग्री तरी हवीच असं ठरवलं. त्याआधी हॉस्पिटलच्या नुसत्या सर्टिफिकेटवर भागत असे. म्हणजे दार एकच उरलं, आणि त्याची किल्ली तुमच्याकडे.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते.

आम्ही अठरा जण सुरू झालो. आज अकरा आहोत. गेलेल्या सातांपैकी एक जण पोझिशनिंगच्या, म्हणजे रुग्णाला फोटोसाठी नीट बसवण्या-झोपवण्याच्या, परीक्षेत दोनदा नापास झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उरलेले सहा तुमच्या नोंदवहीत ‘वैयक्तिक कारण’ या रकान्यात आहेत. त्या रकान्यात काय काय मावलंय ते बघा.

एक जण रात्री गोदामात काम करायचा. त्याला क्लिनिकलचं, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवर शिकायचं, हॉस्पिटल कोणतं ते सेमिस्टर सुरू व्हायच्या नऊ दिवस आधी कळलं, आणि ते निघालं घरापासून ३८ मैलांवर. रात्री साडेनऊला तिथून सुटून दहाच्या पाळीला गोदामात पोचणं विमानानेही जमलं नसतं. त्याने जागा बदलून मागितली, मिळाली नाही. वैयक्तिक कारण.

एकीची दोन मुलं कॉलेजच्या पाळणाघरात असत. वसंत ऋतूच्या सेमिस्टरपासून पाळणाघर सहाला बंद व्हायला लागलं. आमचा वर्ग सहाला सुरू होतो. वैयक्तिक कारण.

एकीची गाडी बसली. ट्रान्समिशन गेलं, दुरुस्तीला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागणार होते. तिच्या क्लिनिकलच्या हॉस्पिटलला संध्याकाळी सातनंतर बस नाही. एकाचे वडील डायलिसिसवर, आठवड्यातून तीनदा नेणं-आणणं. क्लिनिकलचे दिवस त्याने बदलून मागितले तेव्हा उत्तर मिळालं, एकासाठी केलं तर सगळ्यांसाठी करावं लागेल. मला तर हे उत्तर म्हणजे योजना वाटली, तुम्हाला नकार वाटला.

पाचवी माझ्या शेजारी बसायची. तिला दिवस गेले. किरणांजवळ काम करणाऱ्या बाईने गरोदरपण जाहीर करायचं की नाही हे सर्वस्वी तिने ठरवायचं असतं, तसा संघराज्याचा नियम आहे. तिने लेखी जाहीर केलं तर पूर्ण नऊ महिन्यांत गर्भापर्यंत पोचणाऱ्या किरणांची मर्यादा ५ मिलिसिव्हर्ट. आमच्या शिक्षणक्रमाला मान्यता देणारी जेआरसीईआरटी सांगते की अशा विद्यार्थिनीपुढे काहीही न बदलता शिक्षण चालू ठेवण्याचा पर्याय असलाच पाहिजे, आणि केलेलं जाहीरपत्र मागे घेण्याचाही. तुमच्या हँडबुकात हे छापलेलं आहे, मी वाचलंय. तिला मात्र कुणी ते पान उघडून दाखवलं नाही. ‘एखादं वर्ष विश्रांती घेतलीस तर बरं’ एवढंच सांगितलं गेलं, आणि अगदी मायेने सांगितलं गेलं, म्हणून ती काही बोलू शकली नाही. तिच्या कॉलरवरच्या डोसिमीटरचे (अंगावर पडलेले किरण मोजणाऱ्या बिल्ल्याचे) तोवरचे आकडे शून्याला टेकलेले होते. वैयक्तिक कारण.

सहावा ऑक्टोबरात यायचा बंद झाला. त्याचं कारण मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. त्याला कुणी विचारलेलंच नाही. रकाना मात्र भरलेला आहे.

आता या रकान्याचं गणित. आमच्यासारख्या शिक्षणक्रमाला तीन आकडे लोकांसमोर ठेवावे लागतात : पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास होणारे किती, बारा महिन्यांत नोकरी मिळालेले किती, आणि शिक्षण पूर्ण करणारे किती. पहिल्या दोन्हींना पाच वर्षांच्या सरासरीने किमान ७५ टक्के ही अट आहे. तिसऱ्याचं लक्ष्य कॉलेजने आपलं आपण ठरवायचं. शिवाय तिसरा आकडा काढताना पैशाच्या, तब्येतीच्या किंवा घरच्या अडचणीने गेलेल्यांना हिशोबात न धरण्याची मुभा आहे. मुभा कायदेशीर आहे, तुम्ही काही लपवलंत असं मी म्हणत नाही. पण उद्या आम्ही अकराही जण पास झालो तर तुमच्या वेबसाइटवर बारापैकी अकरा, म्हणजे ९२ टक्के झळकतील. अठरापैकी अकरा धरले तर ६१.

म्हणजे पाटीवर आकडा लिहिताना ते सहा जण नव्हतेच. आणि तुकडी बंद करायची वेळ आली की तेच सहा जण पुरावा म्हणून हजर. आमच्याकडे एका माणसाचं नाव दोन रेशनकार्डांवर निघालं की चौकशी लागते. इथे तर नाव एकाही कार्डावर नाही आणि धान्य मात्र त्याच्या नावावर उचललं गेलं.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती मी लपवणार नाही. संध्याकाळी सगळं शिकायला मिळत नाही. आमच्या यादीनुसार डिग्रीपर्यंत ३६ तपासण्या अनिवार्य, ३४ पैकी १५ ऐच्छिक आणि रुग्णसेवेच्या १० गोष्टी करून दाखवाव्या लागतात. पडलेले, आदळलेले, धाप लागलेले लोक संध्याकाळी रग्गड येतात. आयसीयूतले पोर्टेबल फोटो तर दिवेलागणीनंतरही चालूच असतात. पण बेरियम पाजून केलेल्या तपासण्या सकाळी उपाशीपोटी होतात, आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) चालवायचा तोही बहुतेक सकाळीच. तुमच्या डीननी हा मुद्दा मांडला, तो खरा आहे. हॉस्पिटलं मर्यादित विद्यार्थी घेतात, शिकवायला माणूस मिळत नाही कारण त्याच माणसाला हॉस्पिटल जास्त पगार देतं, हेही खरं. पण यावर उपाय म्हणून सेमिस्टरला पाच-सहा सकाळी लागतात. दोन महिने आधी तारखा दिल्यात तर आमच्यातला प्रत्येक जण रजा काढेल. कुणी आम्हाला विचारलं असतं तर हे तेव्हाच सांगितलं असतं.

त्याऐवजी जानेवारीपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला क्लिनिकल आणि मधल्या दोन दिवशी नऊला वर्ग. मी साडेसात ते दीड एका दवाखान्यात नाव-नोंदणीच्या खिडकीवर असते. जुलैत नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला, दुसरा अजून लागलेला नाही. आमच्या घरी सध्या वाण्याचं बिल त्या खिडकीतून भरलं जातं. ‘सामावून घेतलं जाईल’ या शब्दाचा अर्थ माझ्या घरापुरता असा की जानेवारीत नोकरी सोड किंवा मे महिन्यात मिळणारी डिग्री सोड. अकरापैकी सात जणांची कमी-अधिक हीच गत आहे. ते गेले की तुमच्या रकान्यात आणखी सात ओळी भरतील, तेच दोन शब्द लिहून.

आम्हाला प्रवेश देताना ‘संध्याकाळची तुकडी’ असं लिहून दिलं होतं. ते वाचून आम्ही नोकऱ्या, भाड्याची घरं, मुलांचे क्लास, सगळं त्याभोवती बसवलं.

आणखी एक तक्रार आहे, ती लिहू की नको याचा विचार आठवडाभर केला. आपल्या माणसांची बाजू मांडताना हॉस्पिटलवाल्यांना दुखवलं तर उद्या नोकरी तिथेच मागायची असते. तरी लिहिते. आमच्या कामाचा एक नियम असा, की विद्यार्थ्याने काढलेला फोटो बिघडला आणि पुन्हा काढायचा झाला, तर त्या क्षणी शिकलेला टेक्नॉलॉजिस्ट शेजारी उभा हवाच. कारण रुग्णाला किरणांचा दुसरा हप्ता बसणार असतो. मार्चमध्ये एका संध्याकाळी दोन टेक आजारी होते. राहिलेला एक सी-आर्म घेऊन ऑपरेशन थिएटरात. इमर्जन्सीत एका मुलाच्या मनगटाचा लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेला फोटो, मी काढला, तो फिरलेला आला. मला सांगण्यात आलं, पटकन परत काढ आणि मोकळी हो. मी नाही म्हटलं. पंचवीस मिनिटं त्या मुलाला बर्फाची पिशवी धरून बसवलं, टेक आला, मग काढला. महिन्याअखेरीच्या शेऱ्यात माझ्या नावापुढे ‘वेग कमी’ असं आलं. क्लिनिकल कोऑर्डिनेटरना मी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, थोडं जमवून घ्यायला शिका.

आम्ही क्लिनिकलचे पैसे घेत नाही, उलट त्या तासांच्या क्रेडिटची फी भरतो. त्याबद्दल रडत नाही, हात तयार व्हायचा तर रुग्ण लागतो. पण विद्यार्थी ही रिकामी खुर्ची भरायची सोय होत असेल, तर ते बघायला कॉलेजचं कुणीतरी संध्याकाळी तिथे फिरकलं पाहिजे. सव्वा वर्षात संध्याकाळी सातनंतर मी कॉलेजचा माणूस हॉस्पिटलात दोनदा पाहिला. त्यातल्या एकदा ते स्वतःच्या आईला घेऊन इमर्जन्सीत आले होते.

एवढं सगळं असून आम्ही अकरा जण का टिकलो, असं तुम्ही विचाराल. माझ्यापुरतं सांगते. जानेवारीतल्या बर्फात एक आजोबा पडून आले. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, कमरेचं हाड मोडलेलं असावं असा पायाचा कोन. टेक त्यांना इंग्रजीतून श्वास रोखायला सांगत होती आणि ते भीतीने आणखी भराभर श्वास घेत होते. दुभाष्या फोनवर मागवला होता, तो यायला वेळ होता. टेकने माझ्याकडे बघितलं, मी जवळ गेले आणि म्हटलं, ‘आजोबा, श्वास घ्या… धरून ठेवा… हं, सोडा.’ त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घाटावरून चालत आले आहे. फोटो पहिल्या फटक्यात आला. बाहेर नेताना विचारलं, ‘तू डॉक्टर का गं?’ म्हटलं, नाही, फोटो काढणारी. ‘मग चांगला आला असेल तर मला एक दे,’ म्हणाले.

संध्याकाळी सव्वासात वाजले होते तेव्हा. दिवसाच्या तुकडीतलं त्या वेळी तिथे कुणी नसतं.

अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द देशभर नेला आणि शाळेनंतरची दोन वर्षं फी न घेता शिकवावं असं सुचवलं. न्यू जर्सीत १९६२ च्या कायद्याने काउंटी कॉलेजं उभी राहिली, तेव्हा खर्चाचा एक वाटा राज्य, एक काउंटी आणि एक विद्यार्थी उचलेल अशी कल्पना होती. त्या वाट्यांचं पुढे काय झालं ते तुमच्या अंदाजपत्रकात दिसतं, मी सांगायला नको. राज्याने अलीकडे ६५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी माफ केली, हे फार चांगलं झालं. माझ्या वर्गातले चौघे त्यावरच शिकतात. पण फी माफ झाली तरी वर्ग भरायची वेळ कामाच्या वेळेवर आली, तर त्या माफीचं कागद भिंतीला लावून ठेवायचं का?

आमच्या मागण्या लिहिते. अकराही जणांनी वाचल्या आहेत.

जानेवारीचं एकत्रीकरण रद्द करा. ज्या वेळापत्रकावर आम्हाला प्रवेश दिलात, त्याच वेळापत्रकावर आम्हाला बाहेर पडू द्या. बेरियम आणि सी-आर्मसाठी लागणाऱ्या सकाळच्या तारखा ६० दिवस आधी द्या, आम्ही येऊ.

संध्याकाळची तुकडी बंद करायची की नाही, याचा निर्णय गेल्या पाच वर्षांत सोडून गेलेल्या प्रत्येकाला फोन करून कारण विचारल्याशिवाय घेऊ नका. कारण त्यांच्या शब्दांत लिहा. वेबसाइटवर सवलतीचा आकडा ठेवा, हरकत नाही. शेजारी अठरापैकी किती, हाही ठेवा. दिवसाच्या तुकडीचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा.

क्लिनिकलची जागा सेमिस्टरच्या निदान सहा आठवडे आधी सांगा आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याला बस जाते तिथेच पाठवा. पाळणाघर वर्ग सुटेपर्यंत उघडं ठेवा. गरोदर विद्यार्थिनीशी बोलताना हँडबुकचं ते पान समोर उघडं असू द्या, आणि माझ्या त्या मैत्रिणीला पुढच्या तुकडीत पुन्हा अर्ज न करता, रांगेत न लागता घ्या. मुदतबाह्य अ‍ॅनाटॉमीसाठी एक परीक्षा ठेवा. पास झाला तर क्रेडिट जिवंत, नापास झाला तर पुन्हा बसेल. माझ्यासाठी याचा आता उपयोग नाही. पण ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत किराणा घेताना निदान चार जणी मला भेटल्या आहेत, भारतातलं सायन्स आणि इथली जुनी अ‍ॅनाटॉमी कपाटात ठेवून बसलेल्या.

संध्याकाळी क्लिनिकल चालू असेल त्या प्रत्येक हॉस्पिटलात आठवड्यातून एकदा तरी कॉलेजचं माणूस जाऊन उभं राहू दे. आणि बिघडलेला फोटो एकटीने पुन्हा काढायला नाही म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या शेऱ्यात ‘वेग कमी’ येणार नाही, एवढं लेखी द्या.

मराठी वाचकांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. या काउंटीत राहत असाल तर कमिशनरांना एक मेल टाका किंवा फोन करा. पाच ओळी पुरतात. तुमचा मुलगा या कॉलेजात नसेल. पण पुढच्या हिवाळ्यात तुमचे आई-वडील इथे आले आणि बर्फावरून घसरले, तर रात्री त्यांच्याजवळ जाऊन श्वास धरा म्हणणारं माणूस कुठून येतं, ते आता तुम्हाला ठाऊक झालं.

मंडळाची पुढची सभा महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पाच वाजता आहे, जनतेतल्या प्रत्येकाला तीन मिनिटं. संध्याकाळच्या तुकडीचं क्लिनिकल गुरुवारी तीन ते साडेनऊ असतं, आणि गैरहजर राहिलं तर तो दिवस सुट्टीत भरून द्यावा लागतो. म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. माझं नाव आलं नाही. जिचं आलं ती माझं निवेदन वाचेल, आणि डिसेंबरच्या सुट्टीतला एक दिवस त्या तीन मिनिटांपायी भरून देईल. तिचं नाव पुकाराल तेव्हा ती युनिफॉर्मातच असेल, कारण सभा संपल्यावर तिला परत हॉस्पिटलात जायचं आहे.

आपली,
संध्याकाळच्या तुकडीतली दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी